सरांच्या नावाची पेशी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे माजी संचालक. व्यासपीठावर उपस्थित असलेले बंदरप्रमुख. शिंपले-उत्पादक संघाच्या अध्यक्षा, ज्यांना आपण सगळे काकू म्हणतो. ज्यांच्यासाठी हे सभागृह आज फुलांनी सजलं आहे ते आपले सत्कारमूर्ती, सर. त्यांच्या शेजारी बसलेल्या मॅडम. प्रयोगशाळेतले माझे सहकारी, बोटीवरची मंडळी, आणि अगदी शेवटच्या रांगेपर्यंत बसलेल्या बंधू-भगिनींनो,

शेवटच्या रांगेचा उल्लेख मी मुद्दाम करते आहे. अशा समारंभांत पहिल्या रांगेतल्यांना गुच्छ मिळतो आणि शेवटच्या रांगेतल्यांना पंख्याचा आवाज. आज तिथे बसलेल्यांनीही लक्ष देऊन ऐकावं, एवढी माझी नम्र विनंती आहे.

सरांच्या कार्याचा परिचय करून देण्याची जबाबदारी समितीने माझ्यावर टाकली. समितीने म्हणजे सरांनीच. मागच्या आठवड्यात त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "बाकीचे एकतर अडखळतात, नाहीतर वाहवत जातात. तू गोड बोलतेस, आणि कुठे थांबायचं ते तुला कळतं." सर, गोड बोलण्याची मी पराकाष्ठा करणार आहे. थांबण्याचं मात्र नंतर बघू.

तुमच्या हातातल्या निमंत्रणपत्रिकेवर तळाशी ठळक अक्षरांत 'विशेष घोषणा' असं छापलं आहे. ती कसली, हे मला सकाळपासून किमान निम्म्या संस्थेने विचारून झालं. ती घोषणा मीच करणार आहे. पण जेवायला बसल्याबरोबर कोणी पानातला शेवटचा गोड घास उचलत नाही, तेव्हा थोडा धीर धरा.

आधी गुणवर्णन. सरांइतका वक्तशीर माणूस मी पाहिला नाही. त्यांची सही पाहावी: एक वळण कमी नाही, एक जास्त नाही. त्यांचा कोट, त्या कोटाची ताठ कॉलर, त्यांचे चकाकणारे बूट. समुद्रावर काम करणाऱ्या संस्थेत सगळी नोकरी काढून ज्याचे बूट एकदाही भिजले नाहीत, असा दुसरा माणूस मला दाखवा. हसा, हसा. सरही हसताहेत.

आता आमच्या घरच्या मंडळींसाठी, म्हणजे आम्ही दिवसभर नेमकं काय करतो हे ज्यांना आजवर कळलेलं नाही त्यांच्यासाठी, चार शब्द. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं. एकेका पेशीचं, सुटं सुटं. बहुतेक सगळं निरुपद्रवी. समुद्रातल्या निम्म्या पोटांची सोय त्याच्यावरच होते. पण त्यातल्या थोड्या जाती विषारी निघू शकतात. शिंपला पाणी गाळून जेवतो, त्यामुळे ते विष त्याच्या अंगात साठतं. त्याला काहीच होत नाही. होतं ते त्याला खाणाऱ्याला, आणि उकळून, शिजवून ते जात नाही. म्हणून आम्ही पाणी आणतो, त्यात आयोडीन घालतो, पेशी तळाशी बसेपर्यंत थांबतो, आणि मग मायक्रोस्कोपखाली एकेक ओळखून मोजतो. विषारी जास्त दिसल्या की शिंपले काढणं बंद. ओसरल्या की सुरू. काकूंच्या संघातल्या शेकडो घरांची चूल या मोजणीवर चालते.

ओळखायच्या कशावरून? रूपावरून. एक जात असते सुईसारखी, टोकाला टोक चिकटवून रांगेनं जाणारी. एक गोल, मण्यांसारखी, एकीमागे एक ओवलेली. आणि एक आमच्या घराण्यात विशेष मानाची. चपटी, लांबट गोल, मानेशी ताठ कॉलर, आणि एका कडेला पातळ शीड, त्याला तीन काड्यांचा आधार. दिसायला इतकी रुबाबदार की नवीन मुली पहिल्यांदा पाहतात तेव्हा "किती सुंदर" म्हणतात. मीही म्हटलं होतं.

ही वर्षभर फारशी सापडत नाही. उन्हाळा सरत आला, वरचं पाणी तापलं, वारा पडला आणि गरम पाणी थंड पाण्यावर न मिसळता नुसतं पडून राहिलं, की हिचे दिवस येतात. पण वाढते कुठे? वर नाही आणि तळाशीही नाही. मधल्या एका पातळ थरात, अगदी दाटीवाटीने. वरून बादली बुडवली तर पाणी नितळ. बोटीतून लांब नळी सोडून प्रत्येक खोलीचं पाणी घेतलं, तरच ती हाती लागते. आणि हिची संख्या लाखांत जावी लागत नाही. थोडक्या पुरतात.

हे सगळं लक्षात ठेवा. आता सरांच्या आयुष्यातल्या एका उन्हाळ्याची गोष्ट सांगते.

तेव्हा सर उपसंचालक होते. शिंपले काढायला परवानगी द्यायची की नाही, त्यावर सही त्यांची. आणि प्रयोगशाळेची प्रमुख होती त्यांच्याच वर्गातली एक शास्त्रज्ञ. तीच पदवी, तोच दर्जा, फक्त आवाज सरांपेक्षा मोठा आणि बूट कायम ओले. सरांना बैठकीत तोंडावर "तुम्हाला कळत नाही" म्हणणारी संस्थेतली ती एकटीच. ती माझी सख्खी मोठी बहीण.

कुजबुज होणं साहजिक आहे. लग्नानंतर माझं आडनाव बदललं आणि चेहऱ्यानं मी वडिलांवर गेले, ती आईवर. मी इथे लागले तेव्हा ताईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. संस्थेतून जाऊन, असं म्हणायचं होतं मला. ती ठणठणीत आहे.

तर त्या उन्हाळ्याच्या शेवटी ताईने बोट पाठवली, नळी सोडली आणि मधल्या थरात तिला ही शिडवाली मंडळी गच्च भरलेली सापडली. शिंपले काढण्यावर तेव्हा आधीच बंदी होती. तिने सांगितलं, ती उठवू नका. इकडे बाजार चढा होता, वरून फोन येत होते, आणि सरांना तेव्हा वरच्या फोनला नाही म्हणण्याची सवय नव्हती. पुढेही ती लागली नाही. सरांनी काय केलं? दुसऱ्या दिवशी नळी बोटीतून उतरवायला लावली आणि धक्क्यावरून दोरीनं बादली सोडली. बादलीतलं पाणी अर्थातच नितळ. खाली सही झाली, ती सुंदर सही, आणि बंदी उठली.

संध्याकाळपर्यंत बंदरावरच्या खानावळींतून माणसं पोट धरून बाहेर पडू लागली. हॉस्पिटलात खाटा कमी पडल्या, लोकांना जमिनीवर गाद्या घालून सलाइन लावलं. काकू, तुमचे सासरे त्यातच होते. आणि मग सगळा हंगाम तुमचा माल कोणी हातात धरला नाही.

चौकशी झाली. ताईने बजावलं होतं ते तोंडी; कागदावर होती ती फक्त बादलीची मोजणी. सर तिथे फार हळुवार बोलले म्हणतात. "मोजणी त्यांच्याकडेच असते. मला बोलताना वाईट वाटतं, पण त्यांची नजर अलीकडे अधू झाली आहे. आम्ही सांभाळून घेत होतो." झालं. मायक्रोस्कोपवर बसणाऱ्या बाईबद्दल याहून जास्त बोलावं लागत नाही. कोणी तिचे डोळे तपासायलाही पाठवलं नाही. बंदरावर तिचं नाव पडलं, आंधळी. त्यानंतर तिला कुठल्याही प्रयोगशाळेत कोणी उभं केलं नाही, आणि माझी ताई चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली. भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यात खालची ओळ दुकानाच्या दारातून वाचता येणारी बाई, बाकी आयुष्य दुसऱ्यांच्या नाकावर चष्मे बसवत राहिली.

काय म्हणालात काकू? हो. बादली. धक्क्यावरून. नळी कोणी उतरवायला लावली ते बोटीचे कप्तानमामा सांगतील; ते त्या खांबाजवळ बसले आहेत आणि आत्ता मान डोलावताहेत. तुमचा राग खरा होता काकू. फक्त तो ज्याच्या वाट्याचा होता, तो आज तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसला आहे.

माझ्या हातात एक चिठ्ठी आली आहे. सूत्रसंचालकांनी लिहिलंय, 'कृपया आवरते घ्यावे.' अध्यक्ष महोदय, आवरू का? धन्यवाद. अध्यक्षांनी हातानं 'चालू दे' अशी खूण केली आहे, ती मागच्यांना दिसली नसेल म्हणून सांगितलं.

आता सरांच्या संशोधनाकडे वळू. ते टाळून कसं चालेल? सगळ्यांनी कृपया माझ्या मागच्या पडद्याकडे पाहा. सत्कार समितीने किती कौतुकाने हे चित्र एवढं मोठं करून लावलं आहे. सरांनी शोधलेली नवीन जात. आमच्यात पद्धत अशी आहे की नव्या जातीचं नाव शोधणाऱ्याला ठेवता येतं, स्वतःचं नाव मात्र द्यायचं नाही. पण त्याचं नाव त्या नावाच्या शेपटीला कायमचं लागतं. ताई संस्थेतून गेली, आणि पुढच्याच वर्षी ही जात सरांच्या नावानं छापून आली. याच चित्रासाठी सरांना शाल मिळाली, परदेश मिळाला, आणि पुढे संचालकपद मिळालं. चित्र खरोखर देखणं आहे. बारीक बारीक ठिपक्यांनी छटा दिलेली. आमच्या घरी ताईने त्याच ठिपक्यांनी काढलेली मांजर फ्रेम करून लावलेली आहे, पण मांजरीवरून कोणाला दोषी धरता येत नाही, हे मला कळतं.

म्हणून तुम्हाला एक छोटा प्रयोग करायला सांगते. सगळ्यांनी उजवा हात वर करा. बंदरप्रमुख साहेब, तुम्हीसुद्धा. बोटं वर, तळवा स्वतःकडे. अंगठा कुठे आहे? उजवीकडे. आता तोच हात फिरवा, तळवा माझ्याकडे. अंगठा कुठे गेला? डावीकडे. हात बदलला का? नाही. तुम्ही बाजू बदलून पाहिलीत, एवढंच.

ही पेशीही हातासारखीच चपटी. आमच्यात रिवाज असा की तिची उजवी बाजू समोर ठेवून चित्र काढायचं, म्हणजे शीड बघणाऱ्याच्या उजव्या हाताला येतं. ताई रिवाज पाळणारी नव्हती. तिच्या पाण्यात पेशी जशी पडली, तशी तिने काढली. दुसऱ्या कुशीवर पडलेली. म्हणून पडद्यावर शीड डावीकडे आहे, बघा. आता तुमच्या खुर्चीवर ठेवलेली स्मरणिका उघडा. सरांचं जातीचं वर्णन त्यात मोठ्या अभिमानानं पुन्हा छापलं आहे. पहिलं वाक्य वाचा. 'या जातीचे वैशिष्ट्य असे की, इतर सर्व बहिणजातींच्या विपरीत, हिचे शीड विरुद्ध कडेस असते.'

पलीकडून हात बघितला आणि जगाला सांगितलं, या माणसाचा अंगठा भलत्याच बाजूला आहे.

प्रयोगशाळेतली मंडळी आता का हसताहेत, ते बाकीच्यांना सांगते. जिवंत पेशी पाण्यात गिरक्या घेत जाते. शीड एकदा या हाताला, एकदा त्या हाताला. ज्यानं एकदा, फक्त एकदा, मायक्रोस्कोपच्या नळीला डोळा लावून ती पाहिली आहे, त्याच्या हातून हे वाक्य लिहून होणार नाही. हे वाक्य तोच लिहू शकतो, ज्यानं फक्त कागदावरचं चित्र पाहिलं. दुसऱ्याच्या टेबलाच्या खणातलं.

सर, पाणी हवंय का? मॅडम, तो ग्लास जरा त्यांच्याकडे सरकवता? धन्यवाद.

ताई गप्प बसली नाही. गप्प बसणं आमच्या घरात कोणाला येत नाही. नावं ठरवण्याचे नियम सांभाळणारी जी मंडळी जगात आहेत, त्यांना तिने सगळं कळवलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं. म्हणाले, वर्णन चुकलं असेल, अन्यायही झाला असेल, पण जात खरी आहे आणि नाव रीतसर छापलं गेलं आहे. एकदा रीतसर छापलेलं नाव योग्य नाही म्हणून किंवा कोणाला आवडत नाही म्हणून बदलता येत नाही. हा नियम आहे. त्या दिवशी ताईने मला शेजारी बसवून तो नियम मोठ्यानं वाचून दाखवला होता. तेव्हाच मी हा विषय शिकायचं ठरवलं. लोक विचारतात, या क्षेत्रात कशा आलात? समुद्राची ओढ होती का? नाही हो. सूड घ्यायचा होता. याला जास्त सभ्य शब्द शोधून पाहिला, मिळाला नाही.

आता विशेष घोषणा.

मागच्या दोन्ही उन्हाळ्यांच्या अखेरीस नळीनं घेतलेल्या पाण्यात आम्हाला एक नवीनच रूप दिसलं. त्याच घराण्यातलं, पण अंगानं बारीक, कॉलर जास्त ताठ, शिडाची तिसरी काडी मागे वाकलेली. शंका नको म्हणून सगळ्या तपासण्या केल्या, दुसऱ्या प्रयोगशाळेतही करून घेतल्या. जात नवीन आहे. विषारी आहे. आणि वाऱ्याविना उन्हाळे वाढत चालले आहेत, त्यामुळे पुढे ती कमी नाही, जास्तच दिसणार आहे.

तिचा स्वभावही तुम्हाला सांगायला हवा. दिसायला ही वनस्पती, अंगात रंग आहे, उन्हावर अन्न करते. पण तो रंग तिचा नाही. तिच्या घराण्याचीच रीत ती. समुद्रात एक गरीब शेवाळ आहे, त्याच्याजवळ स्वतःचा रंग असतो. एक केसाळ जीव त्याला गिळतो आणि रंग तेवढा लुबाडून घेतो. मग ही बाई येते, त्या केसाळ जिवाला नळी टोचते, त्याला शोषून रिकामा करते, आणि तो रंग स्वतःच्या अंगात मांडून ऐटीत फिरते. चोरावर मोर. स्वतःला तो बनवता येत नाही, पण मिरवता उत्तम येतो. वरून पाणी नितळ, मध्ये ही. आणि भोगायचं कोणी? तिसऱ्यानंच.

सरांना ही जात सापडल्याचं कळलं तेव्हापासून त्यांनी मला बरेचदा सुचवलं. "निवृत्तीला घड्याळ-बिड्याळ देऊ नका रे. काहीतरी टिकणारं द्या." एकदा तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्या पेशीचं बारसं कधी आहे?" पत्रिकेवर 'विशेष घोषणा' छापायला त्यांनीच सांगितलं. ठळक अक्षरांत, हेही त्यांनीच.

मी ताईला विचारलं होतं, तुझं नाव देऊ का? ती भाजी निवडत होती. म्हणाली, "विषाला माझं नाव देतेस होय गं? शहाणीच आहेस." मग थोडा वेळ निवडत राहिली आणि म्हणाली, "ज्याचं त्याला दे."

तरीही, तुम्हाला खोटं वाटेल, मी एक संधी ठेवली होती. दोन नावं तयार केली. एक आपल्या या खाडीचं. दुसरं सरांचं. आमचा शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना दोन्ही कळवली, कुठलं छापायचं ते आज सांगते म्हटलं. आणि आज इथे येताना ताईला सोबत घेऊन आले.

दारात सर सगळ्यांचं स्वागत करत होते. ताईचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "आपण कोणाकडच्या?" ती म्हणाली, "शेवाळाकडची." सर मोठ्यानं हसले आणि पुढच्या पाहुण्यांकडे वळले. इतकी वर्षं एका खोलीत काम केलं होतं दोघांनी.

मग व्यासपीठामागच्या खोलीत चहा झाला. सर आणि मी, दोघंच. मी त्यांना सांगितलं, सर, ती माझी ताई. तुमच्या उत्तराच्या भाषणात एक वाक्य बोला. त्या उन्हाळ्याची मोजणी बरोबर होती आणि ते चित्र तिचं होतं, एवढंच. मी बाकी काही बोलणार नाही, तुमचं गुणगान करून खाली बसेन. खरंच बसले असते. सर म्हणाले, "ती अजून आहे?"

एवढं मी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अगं, जुनी मढी कशाला उकरतेस? आज माझा दिवस आहे. आणि कोणाला आठवतंय आता?" असं म्हणून त्यांनी बशीतलं बिस्कीट उचललं. बोलवणारे आले. सरांना वाटलं असणार, समजली. मी खरंच समजले. कप खाली ठेवला आणि तिथेच उभ्या उभ्या संपादकांना फोनवरून कळवलं, दुसरं नाव. पुष्पगुच्छ देण्याचा कार्यक्रम सुरू असतानाच ते त्यांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झालं.

तर अत्यंत आनंदाने जाहीर करते की आमच्या या नव्या विषारी जातीला आजपासून सरांचं नाव देण्यात आलेलं आहे. टाळ्या वाजवा. समारंभ आहे.

नाही सर, ते आता मागे घेता येत नाही. एकदा रीतसर छापलेलं नाव योग्य नाही म्हणून किंवा कोणाला आवडत नाही म्हणून बदलता येत नाही. मलाही येत नाही, तुम्हालाही येत नाही. जो नियम तेव्हा ताईला आडवा आला, तोच आज तुमच्या सेवेला हजर आहे.

तुम्ही नेहमी म्हणता, माणूस जातो, नाव राहतं. राहील. दरवर्षी उन्हाळा सरत आला, वारा पडला, की धक्क्यावरच्या फलकावर आमची माणसं तुमचं नाव लिहितील, आणि खाली लिहितील, आढळल्यामुळे शिंपले काढण्यास बंदी. पहाटे काकूंच्या बायका टोपल्या घेऊन येतील, फलक वाचतील, आणि म्हणतील, "आला का मेला परत?" बातम्यांत तुमचं नाव येईल. ज्यानं फलक न वाचता खाल्लं, त्याला डॉक्टर सांगतील की काय पोटात गेलंय. तुम्ही असाल तेव्हा आणि नसाल तेव्हाही. थंडी पडली, पाणी ढवळलं, की तुम्ही दिसेनासे व्हाल, लोकांना बरं वाटेल, आणि पुढच्या वर्षी पुन्हा याल. तुमच्याबद्दल कोणी वाईट बोललं नाही असा एकही उन्हाळा यापुढे जाणार नाही. मला याची लाज वाटत नाही. फार समाधान वाटतं.

मॅडम, या नावाचा त्रास तुम्हाला आणि मुलांना होईल. त्याचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. ताईच्या मुलीला शाळा सुटेपर्यंत आंधळीची मुलगी म्हणत होते, त्यामुळे तो त्रास कसा असतो ते आम्हाला घरात माहीत आहे.

ताई, तुझी वर्षं मी परत आणू शकले नाही. त्या जुन्या पेशीच्या शेपटीचं नावही पुसता आलं नाही. माझ्या हातात जेवढं होतं, तेवढं केलं.

काकू, तुम्ही उठलात? बसा ना, माझं संपलंच. नाही, तुम्ही मागे निघालात... शेवटची रांग, काकू, भिंतीकडची तिसरी खुर्ची. निळ्या साडीतली. चष्मा नाही, तीच.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल सत्कार समितीचे, चालू दे म्हणाल्याबद्दल अध्यक्ष महोदयांचे, मान डोलावल्याबद्दल कप्तानमामांचे आणि एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे आभार. सरांना पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा. दीर्घायुष्य लाभो, म्हणजे पुष्कळ उन्हाळे पाहायला मिळतील. बोलण्याच्या ओघात माझ्या तोंडून काही उणंअधिक गेलं असेल, तर लहान समजून क्षमा करावी. छापण्यात मात्र काही चुकलेलं नाही. सरांच्या नावातलं अक्षर न् अक्षर मी स्वतः तपासून दिलं आहे.